शस्त्र काउंटरवर जमा करावे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

काल दुपारी सहा नंबरच्या टेबलावर एका गिऱ्हाइकाने कमरेचं पिस्तूल काढून शेवेच्या प्लेटशेजारी ठेवलं. बसताना टोचतं म्हणाला. त्याने कोणाला धमकावलं नाही, आवाजही चढवला नाही. तरी शेजारचं टेबल बिल मागून उठून गेलं, आणि आमचे वेटर कडूभाऊ सोड्याच्या बाटल्या घेऊन तिकडे जायला तयार होईनात. शेवटी मी गेलो. ग्लास ठेवताना मी सोडा टेबलावर सांडला. ते पाहून तो माणूस हसला.

आज निरंजनशेठनी मला बाजूला बोलावलं. बुऱ्हानपुरातला हा बार त्यांचा आहे, मी काउंटर सांभाळतो.

"चंदन, तू शिकलेला आहेस. असा काही नियम बनव की गिऱ्हाईक नाराज नको आणि लफडा पण नको."

मी शिकलेला नाही. अकरावीत असताना शाळा सुटली. वडील नेपानगरला कागद कारखान्यात होते. घरी कागद भरपूर होता, म्हणून लिहायची सवय लागली आणि शुद्धलेखन चांगलं झालं, एवढंच. पण शेठनी विश्वास टाकला आहे. अंगावर जबाबदारी आली की रोजचं रोज लिहून ठेवावं असं मला वाटतं. म्हणून ही वही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाटी लिहिली. वर हिंदीत, खाली मराठीत: "शस्त्र काउंटरवर जमा करावे. जाताना परत मिळेल." शेठना आवडली. काउंटरच्या खालच्या ड्रॉवरला मी स्वतः बाजारातून नवीन कुलूप आणून लावलं. चावी एकच आहे, माझ्या कमरेच्या करगोट्याला.

एक रजिस्टरही केलं. नाव, गाव, लायसन नंबर, वस्तू, काडतुसं किती, जमा केल्याची वेळ, परत नेल्याची वेळ, गिऱ्हाइकाची सही. शेवटचा रकाना शेठनी सांगून वाढवला: "जबाबदार कर्मचारी". त्यात प्रत्येक ओळीला माझी सही.

"तुमची नको का एखादी, मालक म्हणून?" मी विचारलं.

"अरे, मी कुठे काउंटरवर असतो? जो ठेवेल तो सही करेल. तू टेन्शन मत ले, मी आहे ना."

एवढं मोठं काम माझ्या एकट्याच्या नावावर त्यांनी दिलं, याचं बरं वाटलं. कडूभाऊ मात्र म्हणाले, "आता तू ठाणेदार झाला. आम्ही सलाम ठोकायचा का?"

८ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवसांत चार नोंदी. बहुतेक केळीचे व्यापारी आणि बागायतदार. सकाळी मंडीत लिलाव झाला की दुपारी इकडे येतात. दारूच्या दुकानांना लागून असलेले बसून प्यायचे अहाते बंद झाल्यापासून बसायला बारच उरले आहेत. काडतुसं मी त्यांनाच काढायला लावतो आणि वेगळ्या डब्यात ठेवतो. मी वस्तूला फडक्याने धरतो. तिचं वजन दिसतं त्यापेक्षा जास्त आहे.

आजचं गिऱ्हाईक नवीन होतं. चुडामण पाटील, गाव जसोंडी, वय साठीच्या आसपास. दारातच पाटी वाचत बराच वेळ उभे होते. मग सरळ काउंटरवर आले आणि रिव्हॉल्व्हर काढून ठेवलं, सहा काडतुसं मोजून दिली. पिण्याआधी वस्तू जमा करणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. बाकीच्यांना दोनदा सांगावं लागतं.

"कुलूप लावशीन ना?" त्यांनी विचारलं.

मी कुलूप लावून दाखवलं. त्यांनी स्वतः ड्रॉवर ओढून पाहिला. मग कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लिंबू सोडा मागवला आणि अर्धा ग्लास संपायच्या आत बसल्या बसल्या झोपी गेले. दोन वाजून दहा मिनिटांनी जमा, पाच वाजता परत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चुडामणकाका कालही आले, आजही आले. लिंबू सोडा आणि झोप. घोरत नाहीत, पण मान एका बाजूला अशी पडते की पाहवत नाही. कडूभाऊ जाता-येता त्यांना बोलतात. "काका, खाट टाकू का? उशी कशी पाहिजे, कापसाची का फोमची?" काका डोळे न उघडता म्हणतात, "कापसाची आण. घरचा कापूस आहे."

शेठना हे पसंत नाही. सोड्यावर तीन तास टेबल अडवतात म्हणाले. मलाही तो माणूस थोडा विचित्र वाटतो. जो पीत नाही, त्याने बारमध्ये का यावं, आणि येताना रिव्हॉल्व्हर का आणावं? मला वाटतं मोठेपणा मिरवायचा असेल. आमच्याकडे लग्नातसुद्धा लोक कमरेला बांधून येतात, फोटो काढायला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नोंदी अकरा झाल्या. त्यांतल्या पाच चुडामणकाकांच्या. अक्षर एकसारखं आलं आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज पाच वाजता काकांना उठवून वस्तू समोर ठेवली, तर ते तिच्याकडे पाहत बसले. हात लावला नाही.

"रात्रभर इथंच राहिली तर?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. पाटीवर लिहिलंय, जाताना परत."

"दुसरी पाटी लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"घरी ठेवायला जागा नाही का?"

"जागा लय आहे. सगळ्या जागा तिले माहीत आहेत."

मला वाटलं घरी चोरी होते किंवा कामावरची बाई हाताळते. मी सांगितलं की लोखंडी कपाट घ्या, त्याला आतून कुलूप असतं. काका म्हणाले, "कपाटाची चावी कुठं ठेवू?" मी म्हणालो, करगोट्याला, माझ्यासारखी. ते म्हणाले, "आणि मी झोपलो की?"

मी वस्तू त्यांच्या हातात दिली. ते काडतुसं खिशात घालून गेले. जाताना सोड्याचा ग्लास स्वतः काउंटरवर आणून ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हे मी सावकाश लिहितो आहे, म्हणजे चूक होणार नाही.

सिंधीपुऱ्यात मी ज्या खोलीत भाड्याने राहतो, तिच्या खालच्या मजल्यावर वैजयंती मॅडमचं ऑफिस आहे. त्या वकील आहेत. कधी कधी मी त्यांचे अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवून देतो. आज सकाळी मी अभिमानाने त्यांना रजिस्टर दाखवलं. बारमध्ये शस्त्र आणण्याबद्दल कायद्यात नेमकं काय आहे, ते एका ओळीत सांगा, म्हणजे पाटीवर तेही लिहीन, असं म्हणालो.

मॅडमनी पानं उलटली. मग चष्मा काढला.

"हे कोणी करायला सांगितलं तुला?"

"शेठनी. पण रकाने माझे आहेत."

"आणि सह्या?"

"त्याही माझ्या."

त्यांनी जे सांगितलं ते असं. लायसन माणसाच्या नावावर असतं, वस्तूच्या नाही. दुसऱ्याचं लायसनवालं शस्त्र माझ्या ड्रॉवरमध्ये, माझ्या चावीखाली असेल, तर ते माझ्या ताब्यात बिनपरवाना आहे. त्याला शिक्षा आहे, आणि ती जेलची आहे.

मी म्हणालो, पण शस्त्राचा मालक तिथेच बसलेला असतो. त्या म्हणाल्या, मालक समोर असेल तर कायद्यात थोडी जागा आहे, तीही दुरुस्तीला किंवा लायसनच्या नूतनीकरणाला नेताना, नाहीतर त्याच्याच वापरासाठी. बारच्या ड्रॉवरला ती लागू पडते असं कोर्टात म्हणायला त्या तयार नाहीत. "आणि मालक उठून गेला की तू आणि ड्रॉवर, दोघंच."

मग मी विचारलं की लोक कमरेला शर्टाखाली लपवून आणतात, तो गुन्हा नाही का? त्या म्हणाल्या, तुझं उलटं झालं आहे. चारचौघांत नेताना झाकलेलंच हवं, म्यानात हवं. दाखवणं, मिरवणं, आनंदात हवेत बार काढणं, हे चालत नाही. मी इतके दिवस समजत होतो की लपवणं वाईट आणि टेबलावर ठेवणं निदान प्रामाणिकपणाचं.

"आणि दारू प्यायच्या जागी?"

"त्याची एक ओळ मला देता येणार नाही, चंदन. लायसनच्या अटी असतात, कलेक्टरचे वेळोवेळी आदेश असतात, ते पाहावे लागतील. पण शहाण्या माणसाने दोन्ही गोष्टी एका टेबलावर आणू नयेत, आणि तुझ्यासारख्याने दोन्हींच्या मध्ये बसू नये."

सतरा नोंदी आहेत. सतरा सह्या. प्रत्येक सहीखाली मी तारीखही घातली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

शेठशी बोललो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, वकील लोकांचं कामच आहे घाबरवायचं. इतके बडे लोक येतात, कोण आपल्यावर केस करेल? आणि सच बोलू का, नियम तर तूच बनवलास ना."

मी म्हणालो, तुम्ही सांगितलंत म्हणून बनवला.

"मी बोललो लफडा नको. ड्रॉवर तर मी नाही बोललो."

हे खरं आहे. ड्रॉवर त्यांनी सांगितला नव्हता. कुलूपही मीच आणलं. पाटी काढू का विचारलं तर म्हणाले, राहू दे, लोकांना सवय झाली आहे. मला रात्री जेवण गेलं नाही. नेपानगरला फोन करून वडिलांना सांगावं असं वाटलं, पण ते घाबरतील.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एक मार्ग काढला आहे. मालक समोर असला पाहिजे, एवढं मला समजलं. म्हणून आता जो जमा करतो त्याला मी काउंटरसमोरच्या दोन टेबलांवरच बसवतो. उठून बाहेर जायचं तर वस्तू घेऊन जायचं.

प्रश्न चुडामणकाकांचा होता. झोपलेला माणूस समोर असतो का? मी बराच विचार केला. शरीर समोर असतं, पण त्याला विचारलं तर त्याला काही माहीत नसतं. वैजयंती मॅडमना एवढ्यासाठी पुन्हा त्रास देणं बरं दिसलं नाही. सावध राहावं म्हणून मी ठरवलं की जागा असलेलाच मालक धरायचा. आज मी काकांना दर पंधरा मिनिटांनी उठवलं.

पहिल्या वेळी ते दचकून उभे राहिले आणि हात कमरेकडे गेला. "कुठं आहे?" म्हणाले. मी म्हणालो, ड्रॉवरमध्ये आहे, फक्त तुम्ही जागे राहा. चौथ्या वेळी त्यांनी माझा हात धरला. राग नव्हता.

"पोरा, दोन तास झोपू दे मले. दोनच तास."

मी कायदा समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले आणि पाचपर्यंत डोळे उघडे ठेवून बसले. नियम पाळला गेला, तरी मला समाधान वाटलं नाही. का, ते सांगता येत नाही.

१ मार्च, शनिवार

काका रोज येतात. मी रोज उठवतो. डोळ्यांखाली काळं पडलं आहे. आज कडूभाऊ मला म्हणाले, "तुले पाप लागीन." मी म्हणालो, पाप लागेल ते नंतर पाहू, आधी कलम लागेल. ते हसले नाहीत.

त्यांनीच सांगितलं की काकांचा एकुलता एक मुलगा, रितेश, मागच्या श्रावणात मोटरसायकलवरून गेला. हायवेवर, केळीच्या ट्रकखाली. जसोंडीत सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, म्हणजे काका त्या दुःखाने येतात. पण दुःखात माणूस सोडा पीत नाही.

४ मार्च, मंगळवार

काका आज वस्तू परत न घेता गेले.

साडेतीनला मी त्यांना उठवायला गेलो, तर खुर्ची रिकामी. सोडा अर्धा. कडूभाऊ म्हणाले, मागच्या दाराने गेले, लघवीला गेले असतील असं वाटलं. मी मोबाइल लावला, बंद. संध्याकाळी सातपर्यंत वाट पाहिली. रजिस्टरात "परत नेल्याची वेळ" हा रकाना कोरा आहे आणि त्यापुढे माझी सही आहे.

मी स्वतः वस्तू घेऊन जसोंडीला जाऊ शकत नाही. मालकाशिवाय रस्त्यावर ती माझ्याकडे सापडली तर संपलंच. इथे ठेवली तरी तेच, फक्त रस्त्याऐवजी ड्रॉवर. दोन्ही गुन्हे लिहून तुलना केली. ड्रॉवर कमी वाटला. सकाळी पहिल्या गाडीने जाऊन मालकाला इकडे आणायचं.

५ मार्च, बुधवार

जसोंडीला गेलो. शेअर ऑटोने, मग पायी. काकांचं घर सापडायला वेळ लागला नाही. पुढे अंगण, बाजूला ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. मालूबाई, म्हणजे काकू, पायरीवर वाल सोलत होत्या. मी बुऱ्हानपूरहून आलो, काकांकडे काम आहे, असं सांगितलं.

"झोपले आहेत. कालच्या संध्याकाळपासून झोपले, अजून कूस नाही बदलली. नको उठवू त्यांना. बठ."

त्यांनी चहा दिला. साध्या, हळू बोलणाऱ्या बाई आहेत. माझ्या वडिलांची चौकशी केली, लग्न झालं का विचारलं. मग म्हणाल्या, "तू बारवाला का?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायचं कारण नव्हतं.

"लय पितात का ते?"

"एक थेंब नाही, काकू. सोडा पितात. काल एक वस्तू विसरून आले, म्हणून मी आलो."

त्यांचे हात थांबले. वालाची शेंग तशीच राहिली.

"वस्तू तुझ्याजवळ आहे?"

"माझ्याजवळ म्हणजे, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. कुलपात आहे. काळजी करू नका."

"आणि तिच्यासंगं त्या सहा गोळ्या?"

"त्या वेगळ्या डब्यात. त्याच ड्रॉवरमध्ये."

"मग मी येऊन घेऊन जाईन ना. त्यांना कशाला त्रास?"

मला त्यांचा समजूतदारपणा आवडला. मी सांगितलं की नियमाने फक्त लायसनवाल्यालाच देता येते. त्या म्हणाल्या, लायसनची वही घरातच आहे, ती आणली तर? इतक्या बारकाईने विचारणारं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नाही. मी म्हणालो, वही नाही, माणूस लागतो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. बार कुठल्या पेट्रोल पंपासमोर आहे, तेही विचारून घेतलं. मी सांगितलं.

तेवढ्यात काका दारात आले. अंगात बनियन, डोळे सुजलेले. माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"हिले सांगितलं तू?"

मी म्हणालो, विसरलात म्हणून आलो होतो. काकांनी दाराची चौकट धरली.

मला पोचवायला म्हणून ते केळीच्या बागेपर्यंत आले. तिथे थांबून बोलले. फार बोलले नाहीत. रितेश गेल्यावर दोन महिन्यांनी एका दुपारी ते शेतातून लवकर आले, तेव्हा काकू देवघरासमोर बसल्या होत्या आणि मांडीवर रिव्हॉल्व्हरची पेटी उघडी होती. काकू म्हणाल्या, साफ करत होती. त्यानंतर काकांनी ती सात ठिकाणी लपवली. गोठ्यात, पाइपात, धान्याच्या कोठीत. सातही वेळा काकूंना सापडली. मग ते कमरेला बांधून फिरू लागले आणि रात्री जागे राहू लागले.

"तुझ्या कुलपाच्या भरवशावर दुपारी झोपत होतो मी," ते म्हणाले.

मी पंधरा पंधरा मिनिटांनी उठवत होतो, ते दोघांनाही आठवलं. ठिबकच्या नळ्यांतून पाणी गळत होतं.

शेवटी मी विचारलं, ठाण्यात का जमा करत नाही? ते म्हणाले, तिथं कारण विचारतात. कारण लिहिलं की गावभर होतं. मग तिच्या माहेरी जातं. "लोक तिले येडी म्हणतीन. ती येडी नाही."

मी म्हणालो, आज चला, घेऊन जा. ते म्हणाले, "आजची रात राहू दे. उद्या येतो मी. विचार करून येतो."

मी हो म्हणालो. कलम माहीत असताना म्हणालो. परत आल्यावर रजिस्टरात लिहिलं: ५ मार्च, मालकाच्या विनंतीवरून ठेवली. खाली सही केली. या वेळी कोणी सांगितलं म्हणून नाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळी अकराला दार उघडलं आणि पहिल्या आत आल्या त्या मालूबाई. डोक्यावर पदर, हातात पिशवी. बारमध्ये अशी बाई कधी येत नाही, म्हणून कडूभाऊ खुर्ची पुसायला धावले. त्यांनी पिशवीतून लायसनची वही काढून काउंटरवर ठेवली.

"आणली."

मी म्हणालो, काकू, देता येत नाही.

"फोटो त्यांचा आहे, नंबर आहे. पाय." पाहा म्हणत होत्या.

निरंजनशेठ आतून आले. मी हळू आवाजात त्यांना थोडक्यात सांगितलं, वस्तू दोन रात्री इथे आहे. त्यांचा चेहरा उतरला. "दोन रात्री? पागल आहेस का? बाई घरच्या आहेत, देऊन टाक आणि विषय संपव."

"नाही देणार."

"चावी आण."

मी करगोटा मुठीत धरला. हसू येण्यासारखं दिसत असणार.

"नोकरी पाहिजे की नको तुला?"

"पाहिजे. पण यांना नाही देणार."

का ते मी काकूंसमोर म्हणू शकत नव्हतो. शेवटी एवढंच म्हणालो की कायद्यात बसत नाही. बारा दिवस ज्या कलमाने झोप उडवली होती, त्याच्या मागे मी आज उभा राहिलो. काकू माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. त्यांना समजलं की मला समजलं आहे.

"बरं," त्या म्हणाल्या. "ते कुठं बसतात?"

कडूभाऊंनी कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. "हे काकांचं. इथंच झोपतात, अशी मान टाकून."

"झोपतात?"

"हो ना. आम्ही त्यांना खाटेचं विचारत असतो."

काकू त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. हात टेबलावर ठेवले, काका ठेवतात तसेच. बाराच्या सुमारास काका आले. चालत आले असावेत, चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. काकूंना पाहून दारातच थांबले.

"तू इथं?"

"तुम्ही कुठं झोपता ते पाहायला आली."

काका समोर बसले. कडूभाऊंनी न सांगता दोन सोडे ठेवले. मी पुसलेलेच ग्लास पुन्हा पुसत होतो.

"मले बायांनी सांगितलं, तुमचा माणूस बारले जातो," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, जाऊ दे, पिऊन का होईना, झोपू दे त्यांना. घरी तर छताकडं पाहत राहतात."

"घरी कसा झोपू मालू?"

सोड्याचे बुडबुडे संपेपर्यंत दोघं बसून होते. मग काकूंनी उठून वही उचलली, काकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ठाण्यात चला. याले पण घ्या, अर्ज लिहायला. तुमचं अक्षर कोणाले लागत नाही."

मी ड्रॉवर उघडला. वस्तू काकांनी घेतली, म्यानात घातली, शर्टाखाली झाकली. मी रजिस्टर घ्यायला वळलो तर ते जागेवर नव्हतं. आत तंदूरजवळ शेठ उभे होते आणि निखाऱ्यांवर पुठ्ठा वाकत होता. "तुझ्याच भल्यासाठी केलं," ते म्हणाले. सगळ्या सह्या गेल्या. मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. पाटी मी जाता जाता काढली आणि उलटी करून भिंतीला टेकवली.

ठाण्यात लिखापढी करणारे मुंशीजी एकटेच होते. त्यांनी कोरा कागद दिला. मी अर्ज लिहायला घेतला: नाव, गाव, लायसन नंबर, वस्तूचं वर्णन.

"इतने दिन कहाँ थी?" त्यांनी काकांना विचारलं.

"माझ्याजवळ," काका म्हणाले.

"और ये कौन?"

"अर्ज लिहिणारा."

मी काही बोललो नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं राहिलं नाही.

मग कारणाची ओळ आली. पेन थांबलं. काका म्हणाले, "लिही, शेतात कामाले जातो, घरी कोणी नसतं."

"घरी मी असते," काकू म्हणाल्या. त्या बाकावर बसल्या होत्या, पदर सारखा करत. "पोरा, लिही. घरात माझ्यामुळं ठेवता येत नाही."

"मालू."

"खरं आहे ते लिहू द्या त्याले. तो खोटं लिहीत नाही."

मी लिहिलं. "पत्नीच्या प्रकृतीमुळे सध्या घरी ठेवणे सुरक्षित नाही." वाचून दाखवलं. काकूंनी मान हलवली. मुंशीजींनी अर्ज वाचला, काकूंकडे पाहिलं, आणि शेजारच्या खोलीतून पंखा आणून त्यांच्याकडे वळवून लावला. विचारलं काहीच नाही. फक्त म्हणाले, "कब तक के लिए? तारीख लिखो."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं आता दोघंही उठतील.

"एक वर्ष लिही," काकू म्हणाल्या. "वर्ष झालं की मी येईन यांच्यासंगं. पुढं काय करायचं ते तेव्हा मीच सांगीन."

"तू येशीन?" काकांनी विचारलं.

"येईन म्हटलं ना."

मी तारीख आधी अंकांत लिहिली. मग कोणाला वाचताना शंका राहू नये म्हणून खाली अक्षरांतही लिहिली: सहा मार्च, दोन हजार सव्वीस.